धूर कसला, ते आधी ओळखा

सगळ्यात आधी नाकाला कळेल. डोळे उघडायच्या आत ठसका लागेल, घशात खवखवेल आणि तुम्ही दचकून उठाल. आग लागली की काय? बसा खाली. हा राबाचा धूर आहे. भाताचं रोप ज्या वाफ्यात टाकायचं, त्यावर फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात. पाऊस महिन्या-दीड महिन्यावर आला आहे, त्यामुळे मावळातल्या प्रत्येक गावात सध्या काही ना काही धुमसतं आहे.

साल 1665. एप्रिल सरत आलाय. वर पाहा, म्हणजे कुठे आलात ते कळेल. मान पार मागे टाकावी लागेल. मुरुंबदेवाच्या डोंगरावर उभा असलेला तो राजगड. त्याच्या तीन माच्या तीन दिशांना पसरल्या आहेत आणि मधोमध बालेकिल्ल्याचा काळा कडा सरळ आभाळात घुसला आहे. तुम्ही पालीच्या वाटेवर, पायथ्याच्या एका गावात आहात. जमीन शेणानं सारवलेली, छप्पर गवतानं शाकारलेलं, आणि शेजारच्या गोठ्यातला बैल तुमच्याकडे फारसा आदर न दाखवता रवंथ करतो आहे.

अंगावर काय आहे ते बघून घ्या. गुडघ्यावर खोचलेलं धोतर, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. एवढ्या उन्हात घोंगडी कशाला, असं वाटेल. संध्याकाळपर्यंत तिच्यात धान्य बांधाल, तिच्यावर बसाल, ती डोक्यावर घेऊन ऊन चुकवाल आणि रात्री तटावर गार वारा सुटला की तीच पांघराल. सकाळचा चहा मात्र मागू नका, त्याचं नाव इथं कुणी ऐकलेलं नाही. नाचणीची आंबील मिळेल. आंबट आहे, थोडी राखेच्या वासाची आहे. प्या मुकाट्यानं, पुढचं पोटात कधी जाईल याची खात्री नाही.

आंबील देणारी म्हातारी तुमच्याकडे बघतच नाही. ती ओट्यावर उभी राहून, कपाळावर आडवा हात धरून आग्नेयेकडे बघते आहे. तिकडे रोहिडा किल्ल्याच्या बाजूला डोंगरांच्या रांगेमागून धूर चढतोय. तुम्ही शहाणपणानं म्हणता, "राब भाजत असतील." ती तुमची कीव केल्यासारखी हसते.

"राबाचा धूर पांढरा असतोय लेकरा. भुईला धरून सरपटतोय. त्यो बग, काळा हाय आन् उभा चढतोय. शाकारलेलं घर जळतंय तवा असा धूर निघतोय. आन् येक न्हाई, तीन हायती. सकाळधरनं रांगेनं हिकडं सरकत्यात."

म्हणजे काय, ते तुमच्या लक्षात यायला जरा वेळ लागतो. धूर आपणहून सरकत नाही. धूर करणारे सरकताहेत.

पुरंदरला मुघलांचा वेढा पडला आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आता मुघल सेनापती मिर्झाराजा जयसिंगानं आपल्या दाऊदखान कुरेशी या सरदाराला हजारो घोडेस्वार देऊन या डोंगरात सोडलं आहे. गड घ्यायला नव्हे, तर गडांच्या भोवतालची गावं जाळायला. सेनापती हुशार आहे. गडाची तटबंदी दगडाची असते, ती जळत नाही. पण त्या तटबंदीला जेवू घालणारं गाव गवताचं असतं.

बारीच्या बाजूनं शिंग वाजतं. एकदा, लांबवर. मग अलीकडच्या डोंगरावरून दुसरं. तुमच्या अंगावर काटा येतो, पण गावात कुणी किंचाळत नाही. लोकांचे चेहरे बदलतात आणि हात चालू होतात. असं कसं? कारण ही तालीम झालेली आहे. अडीच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर 1662 मध्ये, शिवाजीराजांनी रोहिडखोऱ्याच्या सर्जेराव जेधे देशमुखांना पत्र लिहिलं होतं. मुघल येत असल्याची बातमी आहे, गावोगाव फिरून रयतेला लेकराबाळांसकट घाटाखाली सुरक्षित जागी हलवा, या कामात रात्रंदिवस हयगय करू नका, असा त्याचा आशय. आणि शेवटी धाक असा, की तुमच्या दिरंगाईनं माणसं गनिमाच्या हाती लागली तर त्याचं पाप तुमच्या माथी. लक्षात घ्या, पत्र फौजेच्या सरदाराला नाही, देशमुखाला आहे. लढाईतलं पहिलं काम रयत हलवण्याचं, आणि ते काम मुलखातल्या वतनदाराचं. तोच शिरस्ता आता इकडे गुंजण मावळात चालू आहे. देशमुखाचा माणूस पहाटेच पाटलाकडे येऊन गेला आहे.

चावडीपुढे चला. धक्के खात जावं लागेल. शेळ्या ओरडताहेत, पोरं रडताहेत, कुणाची तरी कोंबडी तुमच्या पायांतून फडफडत निघून जाते. बायका मडक्यांतलं धान्य फडक्यात ओतताहेत. एक पोरगा बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा भराभर सोडतोय. रानात लपायचं तर बैल वाजता कामा नये. घामाचा, शेणाचा, उकरलेल्या मातीचा आणि घाबरलेल्या जनावरांचा असा एकत्र वास पूर्वी तुमच्या नाकात कधी गेलेला नसेल.

पाटील मोजक्या शब्दांत कामं वाटतो. म्हातारीकोतारी, बायका, पोरं आणि गुरं रानातल्या घळीत, तिथून घाटाच्या बाजूला. तरण्या गड्यांनी धान्य गडावर चढवायचं. वैरणीची गंजी उरते. ती वर नेता येत नाही आणि मागे ठेवली तर दाऊदखानाची घोडी खातील. "पेटवा," एक जण म्हणतो आणि चुडी हातात घेतो.

"थांब!" पाटील ओरडतो. "आधी वर सांगावा धाड. न्हाईतर गडावर वाटंल गनीमच आला पायथ्याला."

एक पोरगा वाटेला लागतो. तो वर पोचून परत हाक येईपर्यंत सगळे त्या गंजीपाशी नुसते उभे राहतात. तुमच्या पोटात कालवाकालव होते, धूर जवळ येतो आहे, आणि हे थांबलेत कशासाठी? पण नीट बघा. या डोंगरात धूर ही बातमी आहे. खोटी बातमी वर गेली, तर गडावरचे लोक नको त्या तोंडाला धावतील. आपलं गवत आपणच जाळायचं, तरी गडाला कळवून. हाक येते. चुडी लागते. गंजी भडकते, तिची झळ तुमच्या भुवया करपवून जाते.

आता पाठीवर पोतं घ्या. तुम्ही तरणे दिसता, निदान पाटलाला तसं वाटतंय.

पालीची वाट ही गडाची मोठी वाट. इतर वाटांच्या मानानं रुंद आणि पायऱ्यांची. पण दुपारचं ऊन, पाठीवर नाचणीचं ओझं आणि पायांत करकरणाऱ्या वहाणा असल्या की रुंदीचं कौतुक उरत नाही. दगड इतका तापला आहे की टेकायला हात ठेवलात तर चटकन उचलाल. घाम डोळ्यांत उतरतो, तो पुसायला हात मोकळा नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना दाट झाडी आहे. करवंदांच्या जाळ्या, कारवी, काटेरी झुडपं. आधाराला काठी हवी म्हणून तुम्ही एक फांदी पिरगाळायला जाता आणि झाडीतूनच आवाज येतो.

"हात लावू नगंस."

झाडीत माणूस आहे, हे तुम्हाला कळलंही नव्हतं. एक नाही, चार-पाच आहेत. हे मेट आहे, गडाच्या चढावरची चौकी. इथं रामोशी, महार, मांग, बेरड, कोळी अशा जमातींची माणसं राहतात. गडाच्या घेऱ्याचं रान त्यांना तळहाताइतकं माहीत आहे. गडाभोवतालची ही झाडी मुद्दाम वाढवलेली असते, तिच्यातली एक काठीही तोडायची नाही असा दंडक. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ही शिस्त लिहूनच ठेवली जाईल. गनीम चढू लागला की बंदूकवाला इथंच दडून बसणार. तुम्हाला जी काठी वाटली, ती गडाची भिंत आहे.

मेटकरी विचारतात, "कुणाचा?" उत्तर द्यायच्या आधी एक सावधगिरीची सूचना. आपण पुण्याचे, असं अभिमानानं सांगायची सवय असेल तर ती इथं गिळा. पुण्यात सध्या मुघलांचं ठाणं आहे. "पुण्याचा" म्हणालात की चार भाले छातीला टेकतील. तुमच्या मागून चढणारा गावचा माणूस म्हणतो, "आमच्या गावचा हाय, पाटलानं धाडलाय." भाले खाली होतात. ओळखपत्र म्हणाल तर हेच. कुणीतरी तुमची हमी घेतो आणि खोटं निघालं तर त्याची मान जाते.

तुम्ही विचारता, "तुम्ही वर येणार ना, गनीम आल्यावर?" त्यातला वयस्क माणूस डोकं हलवतो. नाही. ही माणसं खालीच राहणार. वाट विचारणाऱ्या मुघलाला भलत्या घळीत नेणं, दाणागोट्याला टोळीतून बाहेर पडलेले स्वार गाठणं, रात्री छावणीच्या कडेला कोण काय बोलतंय ते ऐकणं आणि पहाटेआधी ते वर पोचवणं, ही त्यांची कामं. त्याबद्दल त्यांना जमिनी आणि हक्क आहेत. पण एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटणार नाही. गाव ज्यांना वेशीच्या आत राहू देत नाही, त्यांनाच गडाच्या सगळ्यात पुढच्या वेशीवर उभं केलं आहे. ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. तो माणूस तुम्हाला मूठभर करवंदं देतो. अजून हिरवी आहेत, दात आंबतात, पण तोंडाला पाणी सुटतं आणि पुढचा चढ निघतो.

पाली दरवाजा येतो. एक दरवाजा ओलांडलात की झालं, असं समजू नका. पुढे थोड्या अंतरावर दुसरा आहे. दोहोंच्या मध्ये, दोन्ही बाजूंच्या तटावरून तुमच्या डोक्याकडे बघणारी माणसं आहेत. देवडीच्या सावलीत पाऊल टाकल्यावर जो गारवा लागतो, तो उभ्या जन्मात विसरणार नाही. तिथं हजेरी आणि कागद बघणाऱ्या सबनिसाचा कारकून मांडी घालून बसला आहे. नाव? गाव? कुणाबरोबर? ओझं काय? बोरू कुरकुरतो. मागची रांग ढकलते आहे, कुणी शिव्या देतंय, एक बैल दरवाजातच बसून राहिला आहे. कारकून मात्र शांतपणे विचारतो, "पोती किती? मोजून सांग."

पद्मावती माचीवर पोचलात की वाटेल, खालचं अख्खं गाव वर आलंय. तसं नाही. ही गडाची रोजचीच वस्ती आहे, फक्त आज तिचा वेग वाढला आहे. लोहाराचा भाता फुसफुसतोय, घणाचे ठोके कड्यावर आपटून परत येताहेत. सुतार तोफेच्या गाड्याचं चाक ठोकतोय. चांभार पखालीला ठिगळ लावतोय. पाथरवट तटावर दगडगुंडे रचतोय. झाडपाल्याचा वैद्य खलात काहीतरी कुटतोय, त्याचा कडवट वास येतो. त्याच्या शेजारी जखमा बांधणारा फडक्यांच्या पट्ट्या फाडून ठेवतो आहे. त्या पट्ट्यांकडे फार वेळ पाहू नका.

मोकळ्या जागेत चटयांवर काळी भुकटी पसरली आहे. गंधकाचा वास नाकात झोंबतो. ही बंदुकीची दारू. दर आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून तिला ऊन द्यायचं आणि मोहोर करून परत ठेवायची, असा गडाचा रिवाज. दारूचं कोठार घरांपासून दूर असतं आणि दारूच्या आसपास जायचं तर कमरेची चकमक आधी काढून द्यावी लागते. आज ऊन देणं अर्धवट सोडून मडकी पुन्हा कोठारात चालली आहेत. तुम्हालाही एक उचलावं लागतं. सावकाश. इथं कुणी "पटकन उचल" म्हणत नाही. अख्ख्या गडावर हे एकच काम निवांत चालतं.

आता अंबारखान्याकडे, पोतं टाकायला. आत अंधार आहे, जुन्या भाताचा गोडसर वास आहे, खाली फरसबंदी आहे, म्हणजे उंदीर-घुशींना आणि वाळवीला वाट मिळू नये. कोठार सांभाळणारा कारखानीस दाराशी उभा राहून माप घेतो. पायली, मण, खंडी. आत काय आलं, बाहेर काय गेलं, सगळं कागदावर.

आणि तिथंच तुमच्यासमोर भांडण जुंपतं. खाली घळीत लपलेल्या गावकऱ्यांसाठी थोडी नाचणी रातोरात उतरवावी, असं गडाच्या हवालदाराचं म्हणणं. कारखानीस म्हणतो, कोठार किती दिवस पुरेल त्याचा हिशेब आधी करू. सरनोबताला त्या कामासाठी तटावरची माणसं सोडायची नाहीत. सबनीस म्हणतो, काय ठरेल ते ठरेल, पण कागद झाल्याशिवाय दाणा हलणार नाही. तुमचं डोकं फिरतं. दाऊदखान दोन डोंगर पलीकडे आहे आणि हे कागद कसले करताहेत? एकानं हुकूम द्यावा आणि मोकळं व्हावं!

पण गड असाच रचलेला आहे. पुढे सभासद शिवाजीराजांच्या बखरीत सांगून ठेवील, की हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघं सारख्या दर्जाचे आणि गडाचा कारभार तिघांनी मिळून करायचा. हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू अशी जातींचीही विभागणी. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि कागद सबनिसाकडे, तटाची माणसं सरनोबताकडे, कोठार चौथ्याकडे, कारखानिसाकडे. वर दर काही वर्षांनी बदली. कारण डोंगरी किल्ला तोफेनं क्वचित पडतो, तो फितुरीनं पडतो. मुघलांच्या छावणीत तोफांइतक्याच थैल्याही आल्या आहेत. एका माणसाला विकत घेणं सोपं, चौघांना एकाच रात्री घेणं अवघड, आणि तेही एकमेकांशी दिवसभर भांडणाऱ्या चौघांना! तुम्हाला जो खोळंबा वाटला, तो गडाचा आणखी एक दरवाजा आहे. तो फक्त दिसत नाही.

भांडण मिटतं. थोडी नाचणी उतरवायची, मेटकऱ्यांनी ती घळीत पोचवायची, तटावरचा एकही माणूस हलवायचा नाही, आणि कागद करायचा. चौघांपैकी कुणीच खूश दिसत नाही. म्हणजे निर्णय बहुधा बरोबर झालाय.

सगळं गाव वर का घेतलं नाही, हा प्रश्न तुमच्या मनात दुपारपासून आहे. पद्मावती तळ्यावर या, उत्तर तिथं आहे. काठाची ओली खूण कुठे आहे आणि पाणी कुठे आहे, ते पाहा. वैशाखात तळं खाली गेलेलं, पाणी हिरवट. पखालीवाल्याजवळ एक नाईक उभा आहे, माणशी किती ते बघायला. गडावर आधी पाणी शोधावं आणि मग बांधकामाला हात घालावा, हे या मुलखाचं जुनं शहाणपण. वेढा पडला आणि पाऊस लांबला, तर या तळ्याचे दिवस मोजावे लागतील. ओंजळभर पाणी मिळतं. कोमट आहे, शेवाळाची चव आहे. अमृत आहे.

सूर्य तोरण्याच्या बाजूला कलतो आणि दरवाजे बंद व्हायची वेळ होते. हे पाहायला थांबाच. हवालदार स्वतः येतो. जाड लाकडी दारं करकरत मिटतात, अडसर भिंतीतल्या खोबणीतून सरकतो, कुलपं पडतात. मग तो प्रत्येक कुलूप हातानं ओढून बघतो. किल्ल्या त्याच्या कमरेला, अगदी विश्वासातल्या माणसाच्याही हाती नाहीत. आता बाहेर कितीही मोठा माणूस येऊन उभा राहिला, तरी सकाळपर्यंत दार उघडणार नाही. ज्या चोरदिंड्यांची सध्या गरज नाही, त्या चिणलेल्या आहेत. त्या कुठे आहेत हे विचारू नका. प्रश्न साधा असला, तरी उत्तर फार महागात पडेल.

भाकरी, कांदा आणि मीठ. एवढ्या चढणीनंतर तुम्ही ते ज्या चवीनं खाल, तसं पंचपक्वान्नही खाल्लं नसेल. मग एक नाईक तुम्हाला हाक मारतो. नऊ गडी आणि दहावा तो, असा त्याचा जमाव. आज एक गडी तापानं फणफणलाय, त्याच्या जागी तुम्ही. सुवेळा माचीवर तटाला उभं राहायचं आणि झोपायचं नाही. मघाशी चटका देणारा दगड आता गार पडत जातो. वारा असा सुटतो की घोंगडीचं महत्त्व पटतं. एका बुरुजावरून हाळी येते, पुढचा बुरूज तिला ओ देतो, मग त्याच्या पुढचा. हाळी सगळ्या तटावरून फिरून परत येते. मध्ये कुठे खंड पडला, तर तटसरनोबत तिथं काठी घेऊन पोचतो. तुमची पाळी येते तेव्हा आवाज चिरकतो. नाईक अंधारात हसतो. "मोठ्यानं वरड. गनिमाला बी कळू दे, आपुन जागं हाय ते."

आणि समोर, खालच्या काळोखात, नारिंगी ठिपके दिसू लागतात. एक, दोन, मग मोजणं सोडून द्यावं लागतं. प्रत्येक ठिपका एक वाडी आहे. तटावर कुणी बोलत नाही. तुमच्या शेजारचा गडी एका ठिपक्याकडे बोट दाखवतो आणि हात खाली घेतो. त्याचं घर तिकडे आहे, एवढं तुम्हाला कळतं.

उजाडतं तेव्हा ते पायथ्याशी आहेत. इतक्या उंचीवरून घोडे मुंग्यांएवढे दिसतात, पण आवाज मात्र चढून येतो. हजारो खुरांची एकसंध घरघर, नगारे, मधूनच हत्तीचा चीत्कार. धुळीचा पट्टा खोऱ्यातून पुढे सरकतो. तुमच्या हातात दोन दगड आणि पोटात खड्डा.

मग गडाची तोफ उडते. आवाज कानात शिरत नाही, छातीत शिरतो. पायाखालचा तट हादरतो. पांढऱ्या धुराचा लोट अंगावर येतो, कुजक्या अंड्यांसारखा वास, डोळ्यांत पाणी. गोलंदाज पुन्हा ठासतोय, त्याचा चेहरा काजळीनं माखला आहे आणि तो दात दाखवून हसतो आहे. पुढच्या बुरुजावरून बाण सुटतात. धनुष्याचे नव्हेत, दारू भरलेले, आग ओकत वेडेवाकडे जाणारे. खालची रांग विस्कटते. काही टोळ्या चढाच्या झाडीपाशी येतात, झाडीतून बंदुका वाजतात, घोडे उलटे फिरतात. घोड्यावर बसून हा डोंगर चढता येत नाही, आणि घोड्यावरून उतरलेल्या स्वाराचं या रानात काही खरं नाही.

पायथ्याच्या वस्त्या मात्र जळतात. पालीच्या वाटेवर ज्या गावात तुम्ही काल आंबील प्यालात, तिथूनही काळा, उभा धूर चढतो. गड तोफा उडवतो, पण गाव वाचवू शकत नाही. हे पाहणं कठीण आहे, तरी तोंड फिरवू नका, कारण शेजारचा गडीही फिरवत नाहीये. त्याला ठाऊक आहे, जळतंय ते गवत आणि लाकूड. माणसं घळीत आहेत, गुरं रानात आहेत, धान्य त्याच्या पाठीमागे कोठारात आहे. दाऊदखानाला जे न्यायचं होतं, त्यातलं बरंचसं काल दुपारीच हललं आहे.

फौज फार काळ टिकत नाही. वैरण नाही, वरून मारा चालू. धुळीचा पट्टा वळतो आणि गुंजणखोऱ्याच्या बाजूला मागे सरकतो. तटावर आरोळ्या उठतात, शिंगं वाजतात, कुणी तुम्हाला मिठी मारतं. हवालदार दरवाजा मात्र लगेच उघडत नाही. आधी मेटावरून खबर येऊ दे. मेटकऱ्यांनी "गेले" म्हटल्यावरच अडसर निघतो.

खाली उतरलात की राख अजून गरम असते. वहाणांमधून चटके बसतात. घरांच्या जागी काळे वासे, फुटकी मडकी, जळक्या गवताचा करपट दर्प. घळीतून माणसं परत येताहेत. म्हातारी आपल्या जळलेल्या ओट्यापाशी येते, काठीनं राख उकरते, शाबूत राहिलेलं जातं सापडतं तेव्हा त्याच्यावर हात फिरवते. मग वाफ्याकडे बघते. मुघलांनी वाफ्यालगतचा पेंढाही पेटवून दिलाय. "बरं झालं," ती म्हणते, "राब तेवढा फुकटात भाजून दिला मेल्यांनी." सगळे हसतात. हसताना दोघी-तिघींच्या डोळ्यांना पदर लागतो.

तुम्हाला वाटेल, लढाई संपली. गडाच्या हिशेबात ती अजून चालू आहे. चावडी जळाली म्हणून उंबराखाली बैठक बसते. पाटील, कुलकर्णी, देशमुखाचा माणूस आणि गडावरून उतरलेला कारखानिसाचा कारकून. घर कुणाचं गेलं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, बैल कुणाचे गेले आणि बियाणं कुणाकडे नाही. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैल द्यावेत, दाणे नाहीत त्याला दाणे द्यावेत आणि त्याच्या ऐपतीप्रमाणे सावकाश वसूल करावेत, असं राजे पुढे 1676 मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला स्पष्ट लिहून कळवतील. उंबराखालचा हिशेब त्याच वळणाचा आहे. सुमारे दीड महिन्यानं, 11 जूनला, पुरंदरचा तह होईल. 23 किल्ले मुघलांकडे जातील, 12 राहतील, आणि त्या बारांत राजगड असेल. पण इथं बसलेल्या कुणाला ते ठाऊक नाही, आणि असतं तरी बैठक लांबली नसती. मृग तोंडावर आहे. पेर झाली नाही तर सुगीला कोठारात काही चढणार नाही. कोठार रिकामं, तर तटावरचा नाईक उपाशी. नाईक उपाशी, तर मुघलांच्या थैलीकडे नजर वळायला किती वेळ?

कारकून बोरू उचलतो. काल ज्या नाचणीची पोती वर गेली, त्यातलीच काही आता बियाण्यासाठी खाली यायची आहेत. ती उतरवायला माणसं हवीत. पाटलाची नजर सगळ्यांवरून फिरते आणि तुमच्यावर थांबते. "त्यो पाव्हणा बरा चढतोय. उतरंल बी." कारकून तुमचं नाव लिहून घेतो, मग क्षणभर विचार करून पुढे आणखी एक ओळ लिहितो. ती वाचून दाखवतो, म्हणजे पुढे तक्रार नको. आता चार पोती खाली आणायची आणि सुगी झाली की तीच भरून पुन्हा वर न्यायची. तेव्हा दिवाळीच्या सुमारास मोकळे राहा. गडाकडे तुमच्या नावाचा कागद झालेला आहे.